कॅम्पेन कोणी खेळत नाही

अड्याळमध्ये संध्याकाळी सातनंतर कुठल्याही ओट्याजवळून जा, कोणीतरी ओरडत असतो, "रिव्हाइव्ह दे ना बे!" चार पोरं, चार आडवे धरलेले फोन. एकाच इअरफोनचं एक बोंडूक याच्या कानात, दुसरं त्याच्या. बीजीएमआय नाहीतर कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल. गावातली ही लढाई रोज होते आणि कधी संपत नाही, म्हणूनच ती सगळ्यांना आवडते.

मला मात्र संपणारी लढाई आवडते. कॅम्पेन. एकट्यानं खेळायची, ठरलेल्या गोष्टीची. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल 2019 मध्ये आला, त्यात कॅम्पेनच नाही. त्यामुळे फोनवर मोठं झालेल्या माझ्या मित्रांना या खेळाला गोष्ट असते हेच माहीत नव्हतं. माझ्याकडे नागपूरहून आलेला एक जुना डेस्कटॉप आहे. त्याच्यावर नवं काही चालत नाही, पण 2007 चा 'कॉल ऑफ ड्यूटी 4: मॉडर्न वॉरफेअर' छान चालतो. लाइट टिकली तर पाच-सहा तासांत संपतो. रोवणीच्या दिवसांत दुपारी लाइट गेली की शेवटच्या चेकपॉइंटपासून पुन्हा सुरू करायचं. याची सवय झाली.

मल्टिप्लेअरला मी नावं ठेवत नाही. त्यात डोकं लागतं, आणि आमच्याकडे तर जास्तच लागतं, कारण शत्रूच्या आधी नेटवर्कशी लढावं लागतं. पोरांची कायमची तक्रार असते, "भिंतीमागं गेलो होतो, तरी मेलो." हा भास नसतो. तुझ्या फोनवर तू भिंतीमागं पोचलेला असतोस, पण ती बातमी सर्व्हरपर्यंत जायला वेळ लागतो. दरम्यान समोरच्यानं गोळी झाडली, तर बरेच गेम क्षणभर मागे जाऊन बघतात की झाडणाऱ्याला तेव्हा काय दिसत होतं. त्याच्या स्क्रीनवर तू अजून उघड्यावर असतोस. मग मेलास. ज्याची बातमी उशिरा पोचते तो असा मरतो. अर्थात मेला तरी काही सेकंदांत पुन्हा उभा राहतो, किंवा पुढची मॅच लावतो.

कॅम्पेन आणि मल्टिप्लेअरचं हे भांडण आपल्याकडे एकदा मोठ्या प्रमाणावर झालं होतं, फक्त त्याला कोणी असं नाव दिलं नाही. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइलवर बंदी आली. दोनच दिवसांनी अक्षय कुमारनं 'फौ-जी' या देशी गेमची घोषणा केली. तो 26 जानेवारी 2021 ला आला. गावातल्या सगळ्यांनी उतरवून घेतला. निघालं काय, तर कॅम्पेन! गलवानवरचं, एकट्यानं खेळायचं, आणि हातात बंदूक नाही. हाणामारी करत पुढं जायचं, थकलं की शेकोटीजवळ बसायचं. पोरांनी तासाभरात डिलीट केला. "बंदूकच नाही तर का खेळाचं?" कंपनीनं पुढं त्याच वर्षी मल्टिप्लेअर आणलं, बंदुकांसकट, पण तोवर आमच्याकडची हौस फिटली होती.

गेम कंटाळवाणा होता, हे खरंच. पण ज्या गोष्टीवरून शिव्या पडल्या तीच त्यातली खरी होती. 15 जून 2020 च्या रात्री गलवानमध्ये आपले 20 जवान गेले, ते गोळीबारात नाही. तिथं गोळी चाललीच नव्हती.

माझा आतेभाऊ, दादा, तेव्हा भरतीची तयारी करत होता. पवनी रोडवर पहाटे धावायचा. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत झाले तर पूर्ण 60 मार्क, त्यानंतर एक सेकंद जरी जास्त लागला तरी 48. रात्री तो आमच्या स्क्वॉडचा लीडर असायचा. बीजीएमआयमध्ये त्याचा आवाज ऐकूनच आम्ही पळायचो. 2022 च्या जूनमध्ये अग्निपथ जाहीर झाली, आणि दादा अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत लागला. जाताना त्यानं फोनमधून गेम काढून टाकला. लष्करानं 2020 च्या जुलैमध्येच जवानांना 89 अ‍ॅप काढायला सांगितली होती, त्या यादीत पबजी होता. गंमत बघा, आमच्यात खरा फौजी झाला तो एकच, आणि फौजीचा खेळ बंद झाला तोही त्याचाच.

मागच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा मी मॉडर्न वॉरफेअर खेळत बसलो होतो. विमानातून खाली गोळे टाकायची मोहीम चालू होती. सगळं काळं-पांढरं दिसतं, माणसं म्हणजे पांढरे ठिपके, आणि कानात शांत आवाजातल्या सूचना. चर्चवर मारू नका, एवढं बजावून सांगतात. दादा थोडा वेळ बघत राहिला. म्हणाला, "आवाज बरोबर आहे. ओरडत नाही कोणी."

मग मी त्याला पुढची एक मोहीम लावून दिली, 'आफ्टरमाथ'. त्याआधीच्या भागात अमेरिकी सार्जंट जॅक्सन हेलिकॉप्टरमधून सुटलेला असतो, पण पडलेल्या एका पायलटला आणायला ते परत फिरतात आणि अणुस्फोटात सापडतात. 'आफ्टरमाथ'मध्ये तो पडलेल्या हेलिकॉप्टरमधून सरपटत बाहेर येतो. आकाश लाल. हातात बंदूक नाही. लंगडत थोडं चालायचं, आणि मरायचं.

"पुढं ने ना."

"पुढं नाही, दादा. इथंच मरते तो."

त्यानं माउस घेतला. पुन्हा सुरू केलं आणि डावीकडे गेला. जॅक्सन पडला. पुन्हा सुरू केलं, उजवीकडे गेला. मग जागेवरच उभा राहून बघितलं. पाच-सहा वेळा केलं असेल. मी हसलो नाही, तोही काही बोलला नाही.

जेवताना विषय जवाहरनगरचा निघाला. भंडाऱ्याजवळच्या त्या ऑर्डनन्स फॅक्टरीत 24 जानेवारी 2025 ला स्फोट झाला, आठ जण गेले. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला युद्धाचं सामान म्हटलं की ती फॅक्टरी आठवते. गेममध्ये गोळ्या नुसत्या जमिनीवर पडलेल्या असतात, वरून चाललं की खिशात. दादा म्हणाला, "आमच्याकडे एकेक मोजून देतात. रिकाम्या पुंगळ्याही मोजून परत."

2026 संपता संपता त्याची चार वर्षं भरतील. चौघांतून एकाला ठेवतात. मी त्याला सांगितलं की कन्सोलवरच्या मॉडर्न वॉरफेअरमध्ये 55 व्या रँकला पोचलं की 'प्रेस्टिज' घेता येतं. मिळवलेल्या बंदुका, पर्क सगळं परत द्यायचं आणि पहिल्या रँकपासून सुरू करायचं.

"मग भेटते का?"

"नावाजवळ एक बिल्ला."

"आम्हाले 11 लाख 71 हजार तरी आहेत," म्हणाला, आणि वरण वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो भरतीच्या पोरांना पवनी रोडवर पळवत होता. वेळ माझ्या फोनवर लावली होती. पहिल्या पोराला 5 मिनिटं 41 सेकंद लागले. दादानं त्याला दोन मिनिटं उभं केलं, पाणी पाजलं आणि परत पाठवलं.