जमिनीची ओळख

आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीत शिरते, परीट मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात, आणि मग मेंढ्या सुटतात. पालखीभोवती गोल, अंगाला अंग घासत, लोकरीचा नि ओल्या मातीचा वास उधळत, इतक्या वेगानं की पाहणाऱ्याच्या पायाखालची भुईही क्षणभर फिरू लागते. बापाच्या खांद्यावर बसून रिंगण पाहणाऱ्या पोरींचे पाय तेव्हा आपसूक हलत असतात. शरीराला लय आधी कळते.

अर्थ मागाहून येतो.

दोरीच्या मल्लखांबावर मला तीच लय दिसते. वरून सोडलेला सुती दोर, खाली गादी, आणि पायाचा अंगठा व शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरून सरसर वर जाणारी मुलगी. दोराला गाठ मारायची नाही, हा इथला नेम. मांडीला, कमरेला वेढे घेत ती पद्मासनात बसते, हात सोडते, उलटी होते आणि स्वतःच्याच वजनानं आवळलेल्या त्या वेढ्यांच्या भरवशावर अशी निवांत पसरते, जणू हवेनं तिच्यासाठी बाज टाकली आहे. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या उतरत्या काळात मल्लखांबाला पुन्हा जीव दिला, तो पैलवानांसाठी, लाकडी खांबावर. पुढे दोर आला आणि मुलींनी ही विद्या आपलीशी केली. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा या मातीतली ही कसरत करायला दूरदेशीचे खेळाडू आले होते.

हवेत असणाऱ्या मुलींचा देश एकच असावा. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स अवघ्या दहा सेंटिमीटर रुंदीच्या बीमवर कोलांटी घेते, तेव्हा दोरावरची आपली पोर आणि ती मला सख्ख्या बहिणी वाटतात. दोघींच्या पायांना डोळे आहेत.

२०२१ च्या आषाढात, करोनामुळे सलग दुसऱ्या वर्षी, तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. काटेवाडीचा रस्ता होता, मेंढ्या होत्या, पाऊसही होता, रिंगण नव्हतं. त्याच महिन्यात, २७ जुलैला, टोकियो ऑलिंपिकमध्ये सिमोन व्हॉल्टवरून उडाली. अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाली. जिची प्रत्येक उडी हवेत असताना भुईचा ठाव राखण्यावर उभी होती, तिला वर कुठे नि खाली कुठे हेच उमगेना. ती कशीबशी उतरली, बाजूला झाली आणि सगळ्या जगासमोर सांघिक अंतिम फेरी तिनं सोडून दिली.

ती थांबली.

त्या एका थांबण्यामागे किती मुलींचं न थांबणं साचलेलं होतं! १९९६ मध्ये अटलांटात केरी स्ट्रगनं दुखावलेल्या घोट्यावर दुसरी उडी घेतली आणि जगानं टाळ्या वाजवल्या. अमेरिकी संघाचाच डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत राहिला, आणि त्या मुली सोसत, हसत, उडत राहिल्या. सिमोनही त्यांच्यातलीच. दुखणाऱ्या शरीराचं ऐकायचं नसतं, हेच ज्यांना शिकवलं गेलं, त्यांच्यातल्या एकीनं आपल्या शरीराचं म्हणणं शेवटी ऐकलं. आठवडाभरानं बीमवर, गिरकीविना उतरत, तिनं कांस्य मिळवलं. २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा सर्वांगीण सुवर्ण. ती पदकं झळाळती आहेतच. पण मनात घर करून राहिलं आहे ते तिचं त्या दिवशी बाजूला होणं. भुईची इतकी खोल ओळख मी दुसऱ्या कुठल्या उडीत पाहिलेली नाही.

काटेवाडीच्या, बारामतीच्या, इंदापूरच्या मुलींनी दोर चढावा, बीमवर चालावं, हवेत मनसोक्त गिरक्या घ्याव्यात. आपण खाली गाद्या अंथराव्यात, त्यांची पकड घट्ट होईतो सोबत उभं राहावं, आणि "आता उतरते" असं कुणी म्हणाली तर तिला कारण विचारू नये. उंची तिनं कमावलेली असते. उतरायचं कधी, हेही तिनंच ठरवायचं.