चाळीस अंशांची वाट पाहताना

फॉर्च्युनरचं एक बरं आहे, जॅक न लावताही तिच्याखाली सरकता येतं. चाकांना दगड लावायचे, हँडब्रेक ओढायचा, जुनी सतरंजी अंथरायची आणि पाठीवर सरपटत आत जायचं. सकलेशपूरच्या कॉफीमळ्यांतला लाल चिखल अजून तिच्या पोटाला वाळून बसलेला असतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं तर जागा मात्र सपाट हवी. गाडी तिरकी असली की ऑइलची पातळी चुकीचीच दिसणार.

आमच्या गल्लीत बेळगावकडचे एक काका राहतात. त्यांची उमेदीची वर्षं कोलार गोल्ड फील्ड्सला, भारत अर्थ मूव्हर्सच्या कारखान्यात बुलडोझरची ट्रान्समिशनं जुळवण्यात गेली. मी पाना हातात घेतला की त्यांची खुर्ची आपोआप बाहेर येते.

"आधी भरायचं बूच सुटतंय काय बघ की. मगच खालचं काढ. खालनं सगळं सांडून बसलास आणि वरचं जाम निघालं तर गाडी हितंच राहतीय बघ."

वरचं सुटलं. मग खालचं. नवं ऑइल डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल आणि पारदर्शक असतं, हे मात्र काळपट तपकिरी होऊन आलं. काकांनी दोन थेंब बोटांत चोळून नाकाशी नेले. जळका वास आला असता तर क्लचप्लेटा गेल्या असं समजायचं. दुधाळ गुलाबी निघालं असतं तर त्याहून वाईट, म्हणजे आत पाणी गेलं. ओढ्यात गाडी घालणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असावं लागतं. तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरची नळी पाण्यात बुडालेली असेल तर तो तिथून पाणी ओढून घेतो. म्हणून ती नळी उंच नेऊन बांधायची.

आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे आयतं, असा समज आहे. पण कष्ट काही नाहीसे होत नाहीत, ते ड्रायव्हरच्या डाव्या पायावरून ऑइलवर जातात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक पंखा ऑइल भिरकावतो आणि दुसरा पंखा त्या माऱ्याने फिरतो. दोघांची गाठ पडत नाही. (जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ च्या सुमाराला ही युक्ती जहाजांसाठी काढली होती.) महामार्गावर लॉक-अप क्लच दोघांना जोडून टाकतो. चिखलात, चढावर, लो रेंजमध्ये रांगताना मात्र सगळा भार ऑइलवर येतो आणि ते तापतं. तेच ऑइल क्लच दाबतं, गिअर बदलतं, वंगण देतं आणि उष्णता वाहून नेतं. एके काळी या ऑइलमध्ये स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. डेट्रॉइटच्या मोटारी गुळगुळीत गिअर बदलाव्यात म्हणून समुद्रात देवमासे मरत होते, हे मला गाडीखाली झोपल्यावर हमखास आठवतं.

काही ठिकाणी सांगतात, हे ऑइल आयुष्यभराचं आहे. कुणाच्या आयुष्यभराचं, एवढं विचारावंसं वाटतं.

गिअरबॉक्सखालचं चेंबर उतरवलं. तळाच्या लोहचुंबकांवर करड्या रंगाचा मऊ लेप होता. तो असायचाच, झिजलेल्या लोखंडाची ती पूड. बोटाला कण टोचला तर काळजी करायची. टोचला नाही. बंगळूरच्या जे. सी. रोडवरून आणलेला फिल्टर बसवला, नवं पॅकिंग लावलं आणि बोल्ट आडवे-उभे, थोडे थोडे आवळत नेले. हात शिवशिवतो आणखी एक पिळा द्यायला. तिथे टॉर्क रेंचचंच ऐकावं.

"ही गाडी बिडदीला होतीय," काका मध्येच म्हणाले. "किर्लोस्करांचा हात हाय त्यात. आमच्या बेळगावात सायकलीच्या दुकानावर सुरवात केलेले ते." दुकान १८८८ चं, किर्लोस्करवाडी १९१० ची, टोयोटा किर्लोस्कर १९९७ ची. काकांच्या बोलण्यात ही सगळी एकाच आठवड्यातली बातमी असते.

मग खरं काम, वाट बघण्याचं. जेवढं निघालं तेवढं मोजून भरलं, इंजिन चालू केलं, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवर थोडा थोडा थांबवला. आता ऑइल चाळीस अंशांच्या आसपास आलं की पातळीचं बूच उघडायचं. गाडीला जोडलेल्या मोबाइलवर तापमानाचा आकडा चढत होता: अठ्ठावीस, एकतीस, चौतीस. बंगळुरातली सकाळ या कामाला मानवते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी डब्यातलं ऑइलच त्या आकड्याच्या पुढे गेलेलं असतं. बूच काढल्यावर आधी जाड धार आली, मग ती बारीक होत होत दोऱ्याएवढी झाली. "बस," काका म्हणाले. बूच नव्या वायसरसह बंद.

जुनं ऑइल डब्यात भरून एका गॅरेजवाल्याकडे दिलं. त्याच्याकडे पुनर्प्रक्रियेला जाणारं पिंप असतं. गटारात ओतलं की राजकालुव्यातून, म्हणजे मोठ्या नाल्यातून, तळ्यात जातं आणि बेळ्ळंदूरचं तळं २०१५ मध्ये पेटलेलं या शहराने पाहिलं आहे.

चेंबर उतरवूनही सगळं ऑइल काही निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं. तेव्हा थोडी गाडी फिरवून पुन्हा हाच खेळ. पुढच्या खेपेला फिल्टर नको, पॅकिंग नको, फक्त ऑइल आणि दोन वायसर. काकांनी ते आत्ताच आणून ठेवायला सांगितलंय.