विनय

नात पेपर मोठ्यानं वाचत होती. 'विनयभंग' या शब्दाशी अडखळली. तिच्या वर्गात एक विनय आहे. "आजोबा, त्याचं काय मोडलं?" मी घाईनं पान उलटलं.

शब्द मात्र डोक्यात राहिला. 1860 च्या दंड संहितेतलं कलम 354, त्यातली इंग्रजी 'मॉडेस्टी' मराठीत विनय झाली. 1 जुलै 2024 पासून ते न्याय संहितेचं कलम 74 आहे. पेपरातला शब्द जुनाच. पण विनयात 'नी' धातू आहे, नेण्याचा. विनय म्हणजे शिकवण, लावलेलं वळण. मग मोडलं ते त्या पुरुषाचं वळण! ते बाईच्या खात्यावर का मांडायचं?

भिक्खूंच्या विनयपिटकात अशा वळणाचे 75 सेखिय नियम आहेत, बरेचसे जेवणाचे. खाताना 'चपुचपु' नको, 'सुरुसुरु' नको. आणखी मिळावं म्हणून कालवण भाताखाली लपवू नये, हाही एक. कुणीतरी लपवलं असणारच.

आमची आत्या भिक्खूंच्या पंगतीत बसली नसती. तिचा विनय वेगळा. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूवडी, पंचामृत, दोन कोशिंबिरी वाढून झाल्या की म्हणायची, "गरिबाची मीठभाकर आहे, गोड मानून घ्या." यावर पाहुण्यानं "अहो, केवढं केलंत!" म्हणायचं असतं. एकदा मुलगी पाहायला आलेल्या मंडळींतल्या एका काकांनी ताटाकडे बघितलं आणि समजूत घालावी तसं म्हणाले, "असू दे हो वहिनी, आम्हाला सगळं चालतं."

तुपाची लोटी हवेतच थांबली. आत्या आत गेली. डबे आपटल्याचा आवाज आला. बाहेर आली ती पोळ्यांचं ताट घेऊनच. "गरिबाची अजून एक घ्या." काकांनी घेतली. "आणि ही गरिबाची." चौथ्या पोळीला त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले, आत्यानं बोटांच्या फटीतून तूप सोडलं. मला हसू आवरेना, आईनं चिमटा काढला. खरं सांगायचं तर मला काका आवडले होते. दिलेला शब्द खरा मानणारा माणूस पंगतीत विरळाच.

शेवटी काकांनी आमटीची वाटी तोंडाला लावली आणि असा भुरका मारला की माजघरात ऐकू गेला.

"अगं," आत्या आतून म्हणाली, "त्यांना आमटी वाढ."