पाहुणी होणे सोपे नसते

संपादकांनी दोनदा निरोप पाठवला, "बाई, एवढ्या लांबचा प्रवास करून आलात, तर चार ओळी लिहा." मला लेखनाची सवय नाही. ३९ वर्षे मी लिहिले ते रुग्णांच्या तक्त्यांवर, तेही हिब्रूत. मराठीतला माझा शेवटचा निबंध १९७५ साली अलिबागला एस.एस.सी.च्या परीक्षेतला. तेव्हा वाचकांनी चूकभूल पदरात घ्यावी.

हा प्रवास कुरासावचा. कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ हे लहानसे बेट आहे, आणि ते डच राज्यात मोडते. माझी धाकटी लेक हॉलंडात असते. २०२१ साली यांचे निधन झाले. त्याआधीची दोन वर्षे ते अंथरुणावर होते आणि त्यांचे सगळे मीच घरी केले. ते गेल्यावरही माझे हात थांबेनात. रात्री दोनला उठून मी कपाटे आवरत असे. लेकीने ते एकदा पाहिले आणि जानेवारी २०२३ मध्ये मला सोबत घेऊन ॲमस्टरडॅमहून विमानात बसवले. दहा तासांचा प्रवास. तिची अट एकच, "आई, आठ दिवस तू काहीही करायचं नाहीस."

आम्ही उतरलो ते मोठे हॉटेल नव्हते. बेटाच्या पश्चिम टोकाला, समुद्राच्या वर, पाच खोल्यांचे एक घर. मालकीणबाई माझ्याच वयाच्या, तिथल्याच. त्या आणि त्यांची भाची मिळून सगळे पाहत. दारातच "बोन बिनी" म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या पापियामेंतू भाषेत सुस्वागतम. अंगणात चिंचेचे झाड पाहून मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. चिंचेचे सरबत मिळाले, तेही थेट आपल्याकडच्या चवीचे.

लेकीने आधीच पत्राने कळवले होते की आई कोशर पाळते. बाईंनी आम्हाला स्वयंपाकघरात नेले. दुकानाच्या कागदात गुंडाळलेला नवा तवा, नवी सुरी आणि दोन ताटल्या काढून दाखवल्या. मासा शिजवण्यापूर्वी खवल्यांसकट माझ्यापुढे धरला आणि विचारले, "हा चालेल ना?" मी पुष्कळ लग्ने, पुष्कळ मेजवान्या पाहिल्या, पण पाहुण्याचा असा मान क्वचितच पाहिला.

सगळे गोड होते असे मात्र नाही. खोलीत एअरकंडिशन नाही, टी.व्ही. नाही. पंखा रात्रभर कुरकुरे, आणि कोंबडे चार वाजताच ओरडू लागत. पाणी जपून वापरा, अशी पाटी न्हाणीघरात होती, कारण बेटावर गोडे पाणी फार कमी, पिण्याचे पाणीही समुद्राचे शुद्ध करून मिळते. एक तरुण जोडपे दुसऱ्याच दिवशी चिडून निघून गेले. बाईंनी त्यांनाही जाताना सरबताची बाटली दिली. एक डच आजोबा टी.व्ही. नाही म्हणून दोन दिवस कुरकुरत होते. चौथ्या दिवशी पाहते तो ते चिंचेखाली कोळ्यांबरोबर डोमिनो खेळताहेत, आणि बायको जेवायला हाका मारते आहे ते ऐकूही येत नाही.

माझी तक्रार निराळीच होती. मला बसवत नव्हते. पहिल्या दिवशी मी बशा धुतल्या. दुसऱ्या दिवशी इस्पितळात करतो तसे चादरीचे कोपरे घट्ट दुमडून ठेवले. तिसऱ्या दिवशी अंगण झाडायला घेतले, तेव्हा बाईंनी माझ्या हातातून झाडू काढून घेतला. म्हणाल्या, "तुम्ही पैसे देऊन येता आणि माझं काम तुम्हीच करता. मग मी कोण?"

मी ओशाळले. नोकरीत असताना असे कितीतरी रुग्ण भेटले होते. चालता येत नाही तरी उठू पाहणारे, घासही दुसऱ्याच्या हातून न घेणारे. "पडून राहा, आम्हाला आमचं काम करू द्या," असे मी त्यांना दटावत असे. आता मीच तो हट्टी रुग्ण झाले होते.

पाचव्या दिवशी आम्ही विलेमस्टाडचे सिनेगॉग पाहिले. तिथला समाज १६५१ पासूनचा आणि इमारत १७३२ सालची. आत जमिनीवर सगळीकडे पांढरी वाळू. स्पेन-पोर्तुगालात धर्म लपवून पाळणारे आपले लोक पावलांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वाळू पसरत, त्याची ही आठवण असे सांगतात. कोणी म्हणतात, मिसरमधून निघाल्यावरच्या ४० वर्षांच्या रानातल्या प्रवासाची. मी चालून पाहिले. पावलांचा आवाज होईना. रात्रपाळीत रबरी तळव्यांच्या बुटांनी मी अशीच चालत असे, आणि यांच्या आजारपणात घरातही.

त्या संध्याकाळी आम्ही मायलेकी समुद्राकडे तोंड करून बसलो. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांनाही कोणी तरी कोरडे कपडे दिले असतील आणि त्यांनी ते घेतले असतील, असे मनात आले. मग जे कोणाला सांगितले नव्हते ते लेकीला सांगितले. यांच्या शेवटच्या दिवशी यांनी दोनदा हाताने खूण केली होती, इथे बस म्हणून. मी म्हटले, "एवढी चादर बदलते आणि बसते." चादर आणायला गेले. परत आले तोवर सगळे संपले होते.

लेक माझी समजूत घालील असे वाटले होते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, मलाही तू कधी माझ्याजवळ नुसती बसलेली आठवत नाहीस."

ते लागले. पण खरे होते. मी उठून आत गेले नाही. अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिले, तीही बसली. बाईंनी न विचारता दिवा आणून ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.

निघताना पाहुण्यांच्या वहीत मी मराठीत लिहिले. कुणाला वाचता येणार नाही म्हणून मोकळेपणाने लिहिले. बाईंनी अर्थ विचारला. मी म्हटले, "माशा डांकी." पुष्कळ आभार.

आपल्या समाजात माझ्यासारख्या परिचारिका पुष्कळ आहेत, आणि परिचारिका नसूनही जन्मभर तेच करणाऱ्या त्याहून जास्त. त्या भगिनींना एवढेच सांगते की कोणी बस म्हटले तर बसा. चादर नंतर बदलता येते.

परत आल्यावर घरी एलियाहू हन्नबीचा मलिदा केला. या वेळी सुनेला करू दिला. पोहे जरा जास्त भिजले होते. मी काही बोलले नाही. खुर्चीत बसून पहिली बशी तिच्याच हातून घेतली.