पंधरा वाव पाणी

मुलांना समुद्र दाखवायचा म्हणजे आपण त्यांना किनाऱ्यावर नेऊन सोडतो. वाळूचा किल्ला, एक शहाळं, गुडघाभर पाण्यात भिजलेली पँट, की झाला समुद्र पाहून. पाठीशी जमीन आहे तोवर समुद्र पाहिला असं म्हणू नये, हे माझं जुनं मत. भाची दहा वर्षांची झाली, पुण्याच्या तलावात पोहायला शिकली, बांगड्याचं तिखलं मिटक्या मारत खाऊ लागली, तेव्हा तिला एकदा आत न्यायचं मी मनावर घेतलं. आत म्हणजे मालवणहून होडीने, खोल पाण्यात, गरवायला, गरीने मासे धरायला. बहीण हो म्हणाली. आमच्या आईने शेवटपर्यंत हो म्हटलं नाही. निघताना फक्त आवळासुपारीची डबी आणि आलेपाकाची पुडी पिशवीत कोंबली.

होडी हाकणाऱ्या ओळखीच्या तांडेलाला मी फोनवर तारखा सांगत होतो आणि तो तिथी विचारत होता. "अष्टमीच्या सुमाराक येवा," म्हणाला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ जबर. अष्टमीच्या आगेमागे भांग, पाणी त्या मानाने सुस्त. नवखं पोर न्यायचं तर भांगातच. भरतीची वेळ काढायची रीतही तिथीवरच चालते. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. बंदरागणिक थोडं मागेपुढे होतं, पण अंदाजाला पुरतं. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे शाळांतून केव्हाच हद्दपार झाले. भाची पाऊणकी शिकली ती मालवणात दांडीच्या वाळूत बसून, आणि त्या रात्री झोपेपर्यंत पंधरवड्याच्या सगळ्या भरत्या तिने मला ऐकवल्या.

कुणाच्याही ट्रॉलरवर पोर चढवून देता येत नाही, हे इथेच सांगून टाकतो. २००८च्या मुंबई हल्ल्यातले लोक मासेमारीच्याच बोटीतून आले. त्यानंतर खलाशांना ओळखपत्रं आली, नोंदी आल्या. शिवाय ट्रॉलर हे कामाचं ठिकाण. दोऱ्या, कप्प्या, ओला डेक, न झोपलेली माणसं. तिथे पाहुण्या पोराची लुडबुड कुणाला हवी असेल? छोटी होडी, दोन जाणती माणसं आणि हातातली गरी, एवढंच पुष्कळ.

पहाटे किल्ल्याला वळसा घालून निघालो. मालवणचं पाणी खडकाळ. पाण्याखाली दबा धरून बसलेले खडक तांडेलाला अंगणातल्या पायरीसारखे पाठ होते. पश्चिमेला क्षितिजावर दिव्यांची झगझगीत रांग दिसली. भाचीने विचारलं, "मामा, ते कुठलं गाव?" गाव कुठलं असणार! एलईडी लावून मासे गोळा करणाऱ्या बोटी. केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातलेली, आणि तरी तिथे दिवाळी. तांडेल त्या दिशेला थुंकला आणि इंजिनाचा कान पिळला. तिला वेगळं काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

आधी माड बुडाले, मग घरं. डोंगरांची निळी रेघ मात्र बराच वेळ राहिली. आठ-दहा सागरी मैल आलो असू. राज्याची हद्द बारा मैलांवर संपते, तिच्या आतच होतो आम्ही. खोल खोल म्हणतो, पण कोकणच्या समुद्राची उतरण फार सावकाश आहे. तिथे पाणी जेमतेम पंधरा वाव निघालं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिसं तळाला टेकल्यावर भाचीने तंगूस, म्हणजे गरीची दोरी, आपल्या हातांनी मोजायला घेतली. तिच्या मापाने पाणी वीस वावांच्या वर गेलं. तांडेल हसला नाही. "तुज्या हाताचो वाव ल्हान. तुका पानी जास्त," एवढंच म्हणाला.

मग तिला बोट लागली. आवळासुपारी आणि आलेपाक दोन्ही समुद्रार्पण झाले. तांडेलाने तिला होडीच्या मध्यावर बसवलं, डोंगरांच्या रेघेकडे बघायला लावलं आणि तिच्याकडे पाठ करून तारलीचे तुकडे गरीला टोचू लागला. मी पाणी, रुमाल, पाठीवर हात वगैरे मामापण करत होतो. खरं तर त्या होडीत मीही पोरच होतो, थोडा जड, एवढंच. मोठ्या माणसाच्या हातात काही नाही हे मुलाला इतकं स्पष्ट दिसण्याच्या जागा आता फार उरल्या नाहीत. एरवी आम्ही सगळं जमवून आणतो. शिबिरात प्रत्येकाला बक्षीस, सहलीत दर अर्ध्या तासाला काहीतरी गंमत. इथे तासन्‌तास काही होत नव्हतं आणि त्याबद्दल माफी मागायला कुणी नव्हतं. ती कंटाळली. मग कंटाळायचाही कंटाळा आला, तेव्हा तिने तंगूस पुन्हा हातात घेतली.

"घट्ट धर गो बाय, पन बोटाक गुंडाळू नको." मोठा मासा लागला तर गुंडाळलेली तंगूस बोट कापते.

ओढ आली तेव्हा तिघांनी मिळून ओढलं. गोबरा होता, हातभर, तपकिरी ठिपक्यांचा. त्याच्या तोंडातून एक गुलाबी पिशवी बाहेर आली होती आणि डोळे खोबणीतून पुढे आले होते. भाचीला ती जीभ वाटली. ते जठर होतं. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो; तीस मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या चौपट. माशाच्या पोटात हवेचा फुगा असतो, तो त्या दाबाला जुळलेला. मासा झपकन वर ओढला की दाब उतरतो, फुगा फुगतो आणि जठराला तोंडावाटे बाहेर ढकलतो.

"मामा, सोड ना त्याला."

तिने हे म्हटलं आणि मला अगदी हायसं वाटलं, कारण मलाही तेच हवं होतं. सोडून द्यावा, टाळ्या वाजवाव्यात, दयाळू भाचीची गोष्ट पुण्याला न्यावी. तांडेलाने मासा उचलून तिच्यासमोर धरला. "सोडलंस तरी तो खाली जावचो नाय. वरच तरंगत रवतलो, मगे पक्षी धरतले." राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान मापं ठरवून दिली, पापलेट १३५ मिलिमीटरांहून लहान पकडू नये, असं. कायदा चांगलाच आहे. पण खोलातून वर आलेल्या माशाला दया उशिरा पोचते. निवड करायची ती गरी टाकण्याआधी, नंतर नाही.

ती रडली. मी काही बोलणार तोच तांडेल म्हणाला, "रडूचा आसात तर रड, पन दोरी सोडू नको." एवढं बोलून तो दुसरी गरी बांधायला लागला. गोबऱ्याचे ठिपके हळूहळू फिके होत गेले ते तिने पूर्ण पाहिले. मी तिचं लक्ष दुसरीकडे वळवलं नाही. लहान मुलांना मरण दाखवू नये म्हणणारे लोक त्यांना सुरमईची तुकडी वाढतात, तेव्हा ती कुठून आली असं त्यांना वाटतं, देव जाणे. पाच वर्षांच्या पोराला मी नेणार नाही. दहाव्या वर्षी मात्र चालतं.

आपल्या किनाऱ्यावर दर्या पुरुषांचा आणि बाजार बायकांचा, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बंदरावर परतल्यावर एका मावशीने गोबऱ्याचा कल्ला उचलून लाली पाहिली, भाचीला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "ह्या चेडू खय गेल्ला?" गरवायला, म्हटल्यावर बाईने कपाळाला हात लावला. केरळात त्रिशूरकडच्या के. सी. रेखा यांना खोल समुद्रातल्या मासेमारीचा परवाना मिळालाय, हे मी सांगून पाहिलं. "मगे हडे कदी गावतलो?" मावशीने लगेच विचारलं. उत्तर माझ्यापाशी नव्हतं. भाची मासे खायची सोडेल अशी बहिणीला धास्ती होती. सोडले नाहीत. गोबरा तिने दुसऱ्या दिवशी खाल्ला, पहिल्या दिवशी नाही.

तुम्हाला न्यायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत न्या, भांगाचे दिवस धरून. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते आणि श्रावणातला दर्या पोराबाळांचा नव्हे. तांडेल नको म्हणाला तर हुज्जत घालू नका. आणि लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं घरूनच घेऊन जा. होडीवर असतं ते मोठ्या माणसाचं, आणि पाण्यात पडलं तर पोर त्यातून खाली निसटतं.