मिटलेल्या झाकणाआड

पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीने कुर्डुवाडी सोडले आणि मी पिशवीतून लॅपटॉप काढला. पुण्यातील एका वसतिगृहाला टॉवेल आणि चादरी पुरवण्याची बोलणी त्या दिवशी व्हायची होती. आदल्या रात्री साडेदहापर्यंत बसून दरांचा तक्ता तयार केला होता. झाकण मिटले तेव्हा बॅटरी ८२ टक्के असल्याचे मला चांगले आठवत होते. आता मात्र झाकण उघडले, बटण दाबले, पुन्हा दाबले, तरी पडदा काळा तो काळाच. चार्जर सोलापुरास घरीच राहिला होता. निघताना पिशवी हातात घेतली तेव्हा ती जराशी उबदार लागली होती. पण पहाटेच्या घाईत असल्या गोष्टींकडे लक्ष कुठले जाणार?

दर तोंडी सांगावे लागले. नगामागे तीन रुपये कमी बोललो. टॉवेल दोन हजार. म्हणजे सहा हजार रुपये तिथल्या तिथे गेले, आणि व्यापारात एकदा बोललेला शब्द फिरवता येत नाही. काम मिळाले, पण परतीच्या गाडीत तेच सहा हजार मी पुनःपुन्हा मोजत होतो. मोजता मोजता दोषी कोण, हेही ठरवून टाकले.

धाकट्या भावाचा मुलगा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासासाठी म्हणून तो रात्री पेढीचा लॅपटॉप नेतो, हे मला ठाऊक होते. घरी पोहोचताच, हातपाय न धुता, सर्वांसमक्ष मी त्याला म्हणालो, ‘‘रात्रभर सिनेमे पाहायचे असतील तर स्वतःच्या पैशाने यंत्र घे.’’ तो म्हणाला, ‘‘काका, काल मी हात लावलेला नाही.’’ मी म्हणालो, ‘‘मग बॅटरी काय हवेने प्यायली?’’ धाकटा भाऊ समोर होता. त्याने मान खाली घातली, पण मुलाची बाजू घेतली नाही आणि माझीही घेतली नाही. एकत्र कुटुंबात आपल्या मुलाला भावाने बोललेले बाप असाच गिळतो. दुसऱ्या दिवसापासून मुलाने संध्याकाळचे पेढीवर येणे बंद केले.

मी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने बॅटरीचा अहवाल काढून दाखवला: मूळ क्षमता ४१ वॅट-तास, आता मावते ती २९. ‘‘बॅटरी थकली आहे, शेठ,’’ तो म्हणाला. आकडे खोटे नव्हते. साडेचार हजार देऊन नवी बॅटरी बसवली. थकलेली बॅटरी कमी साठवते हे खरे. पण मिटलेल्या यंत्राने ती रात्रीतून खर्च का करावी, हा प्रश्न त्याने काढला नाही आणि मलाही सुचला नाही. दहा-बारा दिवस काही घडले नाही. मग एका सकाळी नवी, पूर्ण भरलेली बॅटरी ४९ टक्क्यांवर आलेली दिसली. रात्र केवळ सात तासांची. आणि त्या रात्री पुतण्या मामाकडे बार्शीस होता.

तो आकडा पाहून मी बराच वेळ गादीवर तसाच बसून राहिलो.

पुतण्या परतल्यावर मीच लॅपटॉप घेऊन त्याच्या खोलीत गेलो. ‘‘जरा बघतोस का?’’ एवढेच म्हणालो. त्याहून अधिक शब्द त्या वेळी फुटले नाहीत. त्याने कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी प्रशासकाच्या अधिकाराने उघडली, ‘पॉवरसीएफजी’ लिहिले, जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘ए’. उत्तर आले की या यंत्रात जुन्या धर्तीची झोप नाहीच. जुन्या झोपेला एस-थ्री म्हणतात. तिच्यात प्रोसेसर बंद होतो आणि फक्त स्मृतीला किंचित वीज मिळत राहते. २०१२ साली विंडोज ८ बरोबर फोनसारखी नवी झोप आली, आणि २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर तिला मॉडर्न स्टँडबाय हे नाव मिळाले. या झोपेत पडदा विझतो, पण यंत्र खऱ्या अर्थाने बंद होत नाही. सगळे भाग शांत झाले तरच ते अगदी खोल स्थितीत उतरते. एखादा भाग जागा राहिला की बाकीच्यांनाही पूर्ण निजता येत नाही.

मग त्याने ‘पॉवरसीएफजी’पुढे तिरकी रेघ देऊन ‘स्लीपस्टडी’ लिहिले. एका फाइलमध्ये अहवाल तयार झाला आणि ती ब्राउझरमध्ये उघडली. ‘‘ही तुमच्या लॅपटॉपची रात्रीची रोजकीर्द, काका,’’ तो म्हणाला. खरोखरच रोजकीर्द होती. झोप कधी सुरू झाली, कशामुळे झाली, किती वेळ टिकली, किती वीज गेली, त्यातला किती वेळ खोल स्थितीत गेला, असे ओळीने मांडलेले. एरवी अहवाल तीन दिवसांचा असतो. ‘ड्युरेशन’ आणि दिवसांचा आकडा जोडला तर २८ दिवसांपर्यंत मागे जाता येते. बहुतेक रात्री चार-पाच टक्के खर्चाच्या. एक मात्र ५१ टक्क्यांची. त्या रात्री झाकण मिटल्यावर पडदा एकदाही उजळला नव्हता, आणि खोल स्थितीतला वेळ जवळजवळ शून्य. खाली, सर्वांत जास्त जागे राहिलेल्यांच्या यादीत, पहिल्या क्रमांकावर यूएसबी कंट्रोलर.

‘‘यूएसबीत त्या रात्री काय होते?’’ त्याने विचारले.

तारीख पाहिली. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची मुदत महिन्याच्या २० तारखेला संपते. आमची पेढी प्रायव्हेट लिमिटेड झाल्यापासून त्यावर डिजिटल सही लागते, आणि ती सही एका लहानशा टोकनात असते. ते यूएसबीच्या खाचेत बसवायचे, पासवर्ड द्यायचा. काम झाले की काढून गल्ल्यात ठेवायचे, हा नियम मीच सर्वांना घालून दिला होता. त्या रात्री मी सही केली, झाकण मिटले आणि टोकन तसेच ठेवले. पुण्याच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीही दरांचा तक्ता करण्यापूर्वी विवरणपत्रावर सही केली होती. टोकनाचा बारीक लाल दिवा मिटलेल्या लॅपटॉपच्या कडेला पेटलेला मी कितीदा पाहिला असेन! तो कोणाच्या विजेवर जळतो, असा विचार कधी मनात आला नाही.

पुण्याच्या आदल्या रात्रीची नोंद अहवालात पूर्ण नव्हती. बॅटरी संपून यंत्र मध्येच बंद पडले, त्यामुळे त्याचा हिशेब मिटवला गेला नव्हता. मला वाटले, पुतण्या आता म्हणेल की ती रात्र सिद्ध झालेली नाही. तो तसे काही म्हणाला नाही. आम्ही दोन रात्री ताळा पाहिला. पहिल्या रात्री टोकन लावून झाकण मिटले, दुसऱ्या रात्री काढून. पहिल्या रात्री जवळजवळ निम्मी बॅटरी गेली, दुसऱ्या रात्री ५ टक्के.

एक गोष्ट आणखी निघाली. बॅटरी संपत आली की यंत्राने सारे काम डिस्कवर उतरवून स्वतःला पूर्ण बंद करायचे असते. त्याला हायबरनेट म्हणतात. आमच्या यंत्रात ती सोयच बंद होती. मागे डिस्कवर जागा कमी पडते अशी तक्रार मी केली, तेव्हा हायबरनेटची मोठी फाइल काढून जागा करून घेतली होती. जागा मिळाली म्हणून मी खूश झालो होतो. त्या जागेची किंमत म्हणजे न जतन केलेला दरांचा तक्ता. पुतण्याने ‘हायबरनेट ऑन’ अशी आज्ञा देऊन ती सोय पुन्हा सुरू केली. मग पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन, बॅटरीवर असताना झाकण मिटले की यंत्राने झोपू नये, हायबरनेट व्हावे, असे ठरवून दिले. उघडताना आता अर्धा मिनिट थांबावे लागते. माझ्या वयाला ते जड नाही.

त्या दिवशी जेवताना मी सारे सांगितले: टोकन, तारखा, ५१ टक्के, आणि ‘हवेने प्यायली का’ हे माझे वाक्यही. भावजय वाढता वाढता थांबली. धाकटा भाऊ थोडा वेळ गप्प होता. मग मुलाला म्हणाला, ‘‘उद्यापासून संध्याकाळी पेढीवर जात जा. काकांना महिन्याअखेरीची खतावणी एकट्याने ओढवत नाही.’’ मुलगा ‘हो’ म्हणाला आणि माझ्या ताटात पोळी कमी आहे असे आईला सांगितले.

आता विवरणपत्राच्या रात्री दुकानाचे शटर ओढण्यापूर्वी तो दारातून विचारतो, ‘‘काका, टोकन?’’ मी गल्ला उघडून दाखवतो.