नांव कोणाजवळ असतें?

नष्ट होणें आणि विस्कटणें ह्या दोन गोष्टींत महदंतर आहे. परंतु प्रसंग ओढवला म्हणजे आपण दोहोंना एकच समजून बसतों. पोथीचा रुमाल सुटून पानें वाऱ्यानें उधळलीं, तर पोथी जळाली असें कोणी म्हणत नाहीं. पानें गोळा करावीं, समासांतील अंक पाहावे आणि पुन्हां क्रमानें लावावीं, एवढेंच काम असतें. संगणकाच्या तबकडीवरील मजकूरही पुष्कळदां नष्ट झालेला नसतो, नुसता विस्कटलेला असतो. गतवर्षीं आमच्या घरीं मला हें फार जवळून पाहावयास मिळालें. त्यांत संसारी वाचकांच्या उपयोगाचें कांहीं आहे असें वाटल्यावरून तें येथें सांगतें.

आमचें कुटुंब एकत्र, पुण्यास आंबील ओढ्याच्या काठीं राहणारें. घरांत माणसें चौदा. म्हणून सर्वांचे हिशेब, फोटो, दाखले एके ठिकाणीं राहावे ह्या हेतूनें माझ्या दिरांनीं माजघरांत एक लहानसा सर्व्हर बसविला होता. त्यांतील बाकीची सामग्री गेली असती तरी निभावलें असतें. पण माझे थोरले मामंजी बारा वर्षें कुलवृत्तांताचें काम करीत आहेत, आणि घराण्यांतील जुनीं पत्रें, कांहीं बाळबोध व बरींचशीं मोडी, त्यांनीं स्कॅन करवून ह्याच सर्व्हरवर ठेविलीं होतीं. मूळ पत्रें २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं ओढ्याला पूर आला, तेव्हां तळमजल्यावरच्या ट्रंकेंत भिजून त्यांचा लगदा झाला. तेव्हां पत्रें म्हणून जें कांहीं उरलें होतें, तें ह्या तबकडीवरच होतें.

एका पावसाळी संध्याकाळीं वीज दोन-तीनदां गेली आणि आली. त्यानंतर सर्व्हर सुरू झाला तो 'सुपरब्लॉक वाचतां येत नाहीं' एवढें सांगून थांबला. त्यांत तबकड्या दोन होत्या, आणि एकीवर लिहिलेलें तत्काळ दुसरीवर उमटत असे. दोन तबकड्या म्हणजे एक प्रत राखीव, असा पुष्कळांचा समज असतो. एक तबकडी निकामी झाली तर ही योजना खरोखरच तारते. पण मजकूरच चुकीचा लिहिला गेला, तर ती चूकही दोन्हींवर इमानानें उमटते.

दुकानांतून आलेल्या गृहस्थांनीं पाहतांच "फॉरमॅट करून टाका" असा सल्ला दिला. भावोजी म्हणाले, "वहिनी, निदान दुरुस्तीची आज्ञा तरी देऊन पाहूं का?" माझा व्यवसाय संगणकांचाच असल्यामुळें मी म्हणालें, "भावोजी, आज कांहींच करावयाचें नाहीं. आधीं तो बंद करा." थोरल्या मामंजींना हें चमत्कारिक वाटलें. "सूनबाई, कांहीं न करणें हा उपाय कसा?" त्यांनीं विचारलें.

पण पहिला उपाय तोच आहे. अनुक्रमणिका बिघडली तरी मजकूर आपल्या जागीं स्वस्थ पडून असतो; मात्र ती जागा आतां रिकामी आहे असें संगणक समजूं शकतो आणि तिच्यावर नवें कांहीं लिहितो. दुरुस्तीचा प्रोग्रॅमसुद्धां तबकडीवर लिहीतच असतो. म्हणून आधीं प्रत काढावी, आणि मग जें करावयाचें तें प्रतीवर करावें.

जुने लेखनिक पोथी उतरून झाली म्हणजे शेवटीं लिहीत, कीं जसें दिसलें तसें उतरविलें आहे, शुद्धाशुद्धाचा दोष मला देऊं नये. अंतोनियो डियाझ डियाझ ह्यांनीं रचलेला 'डीडीरेस्क्यू' नांवाचा प्रोग्रॅम ह्याच वृत्तीचा आहे. मजकुराचा अर्थ तो पाहात नाहीं. सहज वाचतां येईल तेवढें तो आधीं उतरून घेतो, अडलेल्या जागा टिपून पुढें जातो, आणि मग त्या जागांकडे परत येऊन त्यांतून निघेल तें थोडें थोडें काढतो. चार टेराबाइटांची तबकडी उतरावयास दोन दिवस लागले. मूळ तबकड्या कपाटांत ठेविल्या, त्या आजवर तेथेंच आहेत.

आतां सुपरब्लॉक म्हणजे काय? ग्रंथाच्या आरंभीं एक पान असावें, आणि ग्रंथांत पानें किती, प्रत्येकाचा आकार केवढा, भाग कसे पाडले आहेत, हें सारें त्यावर असावें, तसा हा प्रकार आहे. तें पान गेलें तर पुढचा धडधाकट ग्रंथही वाचावयास सुरुवात करतां येत नाहीं. आमच्या तबकडीवर 'एक्स्ट४' ही लिनक्सची फाइल-पद्धति होती. तिच्या कर्त्यांनीं हा प्रसंग आधींच ओळखून ह्या पानाच्या नकला ठराविक ठिकाणीं ठेविल्या आहेत. ४०९६ बाइटांचा एक ब्लॉक धरला, तर असे ३२७६८ ब्लॉक मिळून १२८ मेगाबाइटांचा एक भाग होतो, आणि दुसऱ्या भागाच्या आरंभींच पहिली नक्कल असते. प्रतीची आणखी एक प्रत काढून तिच्यावर दुरुस्तीच्या प्रोग्रॅमला ३२७६८ हा पत्ता दिला. तासाभरानें फोल्डर दिसूं लागले. मामंजींनीं कुलवृत्तांताचें पहिलें प्रकरण उघडून पाहिलें, आणि देवापुढें साखर ठेवावयास सांगितलें.

पत्रांचा फोल्डर मात्र त्यांत नव्हता. त्याऐवजीं 'लॉस्ट अँड फाउंड' ह्या जागीं सुमारें अकराशें फाइली पडल्या होत्या, आणि प्रत्येकीवर नांवाच्या जागीं नुसता एक आंकडा होता. ह्याचें कारण मोठें विचार करण्यासारखें आहे. ह्या पद्धतींत फाइलीची एक नोंद असते. तींत फाइलीचा आकार, तारीख, मालक, मजकूर कोठें आहे, हें सर्व असतें. पण फाइलीचें नांव नसतें. नांव असतें तें ती ज्या फोल्डरांत राहते त्याच्यापाशीं. मूल आपलें नांव आपल्याजवळ बाळगीत नाहीं, तें आईबापांपाशीं असतें, असेंच म्हणा ना! आईबाप गेले कीं मूल जिवंत असूनही निनांवी होतें.

आतां नांवें सांगणार कोण? तारखा होत्या त्या स्कॅनच्या दिवसाच्या. येथें यंत्राचें काम संपलें, आणि आत्याबाईंचें सुरू झालें. आत्याबाई मामंजींच्या भगिनी, वय ८९. मराठी शाळेंत असतांना मोडी शिकलेल्या. दुपारीं जेवणें झालीं कीं त्या झोपाळ्यावर बसत, माझी मुलगी टॅब्लेटवर पत्र मोठें करून समोर धरी, आणि त्या सांगतील तें नांव लिहून घेई. "हें दादांचें अक्षर. 'र' असा ओढीत ते." "ह्यांत विहीर आटल्याचें आहे, म्हणजे माझ्या लग्नाआधींचा उन्हाळा." कांहीं पत्रांचा खालचा अर्धा भाग करडा दिसे, कारण तेवढे ब्लॉक वाचतांच आले नव्हते. तेथें त्या क्षणभर थांबत आणि म्हणत, "पुढें काय होतें, तें मला ठाऊक आहे." मुलगी तेंही लिहून ठेवी. तसें एक पत्र त्यांच्या आईचें निघालें. त्या दिवशीं पुढें काम झालें नाहीं.

चार महिन्यांत चाळीस पत्रांवांचून बाकी सर्वांना नांवें मिळालीं. आतां फाइलीच्या नांवांतच कोणी, कोणास, केव्हां लिहिलें हें आम्हीं घातलें आहे, आणि पत्राच्या पहिल्या पानाच्या चित्रावरही तेंच उमटविलें आहे. पोथीच्या समासांतल्या अंकासारखें तें पानाबरोबरच राहील. प्रती तीन, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, हा जाणत्यांचा नियमही आम्हीं पाळतों. बाहेरची प्रत नाशिकला वन्संच्या घरीं आहे.

तबकडीची प्रत दोन दिवसांत निघाली. आत्याबाईंची प्रत काढण्याचें साधन मात्र कोठेंच मिळत नाहीं. त्यांच्याजवळ बसून विचारावें लागतें, आणि त्या सांगतील तें लिहून घ्यावें लागतें. ज्या घरांत जुनीं पत्रें आहेत, आणि तीं कोणाचीं हें सांगणारें वडील माणूसही आहे, त्या घरानें तबकडी बिघडण्याची वाट पाहूं नये. दुपारचा एखादा तास पुरेसा होतो.